बुरशीचा नैवेद्य

आमच्या घरात बुरशीचं नाव मोठ्यानं घ्यायची सोय नव्हती. लोणच्याच्या बरणीत वर पांढरं काही दिसलं, की आई आधी स्वयंपाकघराचं दार लोटून घ्यायची आणि मगच फडकं सोडायची. बुरशी म्हणजे घरच्या बाईचा आळस, असं तिचं पक्कं मत होतं. भाकरीच्या टोपल्यात, पापडाच्या डब्यात, घडी घालून ठेवलेल्या सतरंजीत ती तिला बरोबर हुडकून काढायची आणि उन्हात टाकायची, नाहीतर हळद-मीठ चोळायची. त्यामुळं नांदेडहून शिवामामा आला आणि त्यानं पिशवीतून बुरशीच्या बाटल्या काढून ओट्यावर मांडल्या, आणि ती बुरशीही चांगल्या शिजवलेल्या ज्वारीवर वाढवलेली, तेव्हा आईचं तोंड बघण्यासारखं झालं. सख्खा धाकटा भाऊ म्हणून ती गप्प राहिली. दुसरं कुणी असतं तर बाटल्या आणि माणूस दोन्ही अंगणात गेले असते.

आम्ही तेव्हा रेणापूरला होतो. रस्त्याकडेला बाबांचं किराणा दुकान, मागं घर, घरामागं गोठा. लातूर नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं आणि आमचं सगळ्यांचंच जरा गोंधळाचं चाललं होतं. दुकानाच्या पाटीवर उस्मानाबाद होतं, त्यावर बाबांनी चुना मारून लातूर लिहून घेतलं. पण चुना पातळ पडला आणि खालचं उस्मानाबाद वर दिसत राहिलं. गिऱ्हाईकं विचारायची, "शेठजी, नेमकं कुठं ऱ्हाता तुमी?" चारा छावणीची चौकशी करायला बाबा लातूरला गेले तर त्यांना सांगितलं की कागद अजून जुन्या जिल्ह्याहून आले नाहीत, आणि जुन्या जिल्ह्यात सांगितलं की तुम्ही आता आमचे नाही. पाऊस मात्र जुन्या जिल्ह्यालाही नव्हता आणि नव्यालाही. आड आटले होते, टँकरची वाट बघत घागरी रांगेत बसलेल्या असायच्या, आणि दुपारी सगळ्या गल्लीत रिकाम्या भांड्यांचाच तेवढा आवाज यायचा.

घरात आईबाबा, मी, आणि बाबांची थोरली बहीण गंगाआत्या. आत्या लग्नानंतर लवकरच विधवा होऊन माहेरी परतली होती. कपाळावर विभूतीचे पांढरे पट्टे, अंगावर फिकट लुगडं, आणि दिवसभर गोठ्यात. आमच्या लिंगायत धर्मात नवरा गेलेल्या बाईला बाजूला बसवायचं नाही, असं स्वामी प्रवचनात सांगत, आणि सगळ्या बायका माना डोलवत. त्याच बायका संध्याकाळी हळदीकुंकवाला आल्या की ताट आत्यापाशी येऊन हलकेच वळायचं आणि पुढच्या बाईकडं जायचं. आत्या त्या वेळेला नेमकी काहीतरी निवडायला खाली वाकलेली असायची. मला तेव्हा वाटे की तिला हळदीचा वासच आवडत नसेल.

गोठ्यात एकच गाय उरली होती, वानेरी. बैल आधीच विकले गेले होते. वानेरी देवणीची, पांढरीशुभ्र, तोंडाच्या दोन्ही बाजूंना काळी. आईच्या लग्नात तिच्या माहेरनं, देवणीहून, आंदण दिलेल्या गाईची ही लेक. आईला माहेरचं कौतुक बोलून दाखवायची सवय नव्हती, पण वानेरीच्या पाठीवरून हात फिरवताना ती तिकडच्या कानडीत काहीतरी पुटपुटायची, आणि ते फक्त वानेरीलाच कळायचं. त्या वर्षी वानेरी गाभण होती. आमच्या कोरडवाहू रानात कडबा झालाच नव्हता, म्हणून आजोळहून गाडी भरून कडबा आला होता. त्याची गंजी गोठ्यामागं रचलेली. बाबांनी स्पष्ट सांगून टाकलं, "ही गंजी दिवाळीपतूर पुरली तर गाय ऱ्हाईल. न्हाईतर हाडं दिसायच्या आत बाजार दाखवावा लागंल." त्या वर्षी बाजारात गाई कोण घेत होतं आणि कशासाठी, हे सगळ्यांना माहीत होतं. आत्यानं पेंढी सोडली आणि कडबा अगदी बोटभर तुकड्यांचा कापायला सुरुवात केली, म्हणजे काही वाया जायला नको.

आणि त्या गंजीला वाळवी लागली. गंजी दगडांवर रचली होती तरी दगडांवरून मातीच्या नळ्या वर चढल्या. एका सकाळी आत्यानं खालची पेंढी ओढली तर हातात नुसती माती आणि भुसा आला. तिनं मला बोलावून गंजीला कान लावायला सांगितलं. आतून बारीक करकर ऐकू येत होती, जात्यात भरड दळावं तशी. "ऐकलीस का?" आत्या म्हणाली, "आपली वानेरी उपाशी, अन् ह्यांची पंगत बसलीया."

आता वाळवीवर पावडर मारायची म्हटलं तर ती चाऱ्यावर कशी मारणार? तो चारा गाईच्या पोटात जायचा होता. नळ्या मोडल्या तर सकाळपर्यंत पुन्हा उभ्या राहायच्या. त्या येत होत्या गोठ्याच्या कडेच्या वारुळातून, आणि वारूळ खणायचं नाव काढणं शक्य नव्हतं. माझ्या कमरेएवढं ते वारूळ गल्लीतल्या सगळ्या बायकांचं पंचमीचं वारूळ होतं. नागोबाचं घर. पावसाळ्यात त्याच्या पायथ्याशी पांढऱ्या छत्र्या उगवायच्या, त्याही कुणी तुडवत नसे. म्हणजे जी वाळवी आमची गंजी खात होती, तिनंच बांधलेल्या घरापुढं आम्ही हात जोडत होतो. मी आईला हे विचारलं तर ती म्हणाली, "वारूळ येगळं, वाळवी येगळी." पुढं विचारायची सोय नव्हती.

तर मामाच्या बाटल्या. मामा नांदेडला कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. गोदावरीकाठच्या एका बागेत त्यानं सडका ओंडका उलटवला होता, त्याखाली वाळवी मरून पडली होती आणि एकेकीच्या अंगावर हिरवट भुकटी धरली होती. "कुणी टाकलेली न्हाई, अक्का. मातीतलीच बुरशी हाय," तो आईला समजावत होता. "वाळवीच्या अंगाला चिकटती, कातडीतून आत शिरती. ती घरी जाती, दुसऱ्या तिला चाटून साफ करायला बघतात, मग त्यांना बी धरती. गाईला काय होत न्हाई. मी खरं सांगून राहिलो." नांदेडला राहून मामा 'सांगून राहिलो, करून राहिलो' असं बोलायला लागला होता, आणि बाबा त्याला त्यावरून छेडायचे. "मास्तर, आमी हितं वाट बघून राहिलो, अन् तुमी बुरशी घिऊन आले."

मामानं मला आणखी एक गोष्ट सांगितली आणि माझ्या डोक्याचा पार भुगा झाला. वारुळातली वाळवी स्वतःच आत बुरशी पिकवते म्हणे. खाल्लेला कडबा आत नेऊन त्याचे गड्डे करते, त्यावर बुरशीचं पीक घेते आणि त्याच्यावर जगते. पावसाळ्यात वर येणाऱ्या त्या पांढऱ्या छत्र्या म्हणजे तिच्याच शेतातलं पीक. म्हणजे बुरशी तिचं अन्न, आणि दुसरी बुरशी तिचा काळ. आई जिला घराबाहेर काढायची, ती आता गाय वाचवणार होती. कुणाच्या बाजूनं उभं राहायचं तेच मला कळेना. मी मामाला विचारलं, "मग चांगली बुरशी कोणती?" तो हसला आणि म्हणाला, "कुणाला विचारून राहिलीस त्यावर हाय."

आज लातूरच्या दुकानात वाळवीवरच्या बुरशीची पाकिटं मिळतात, हिरवट भुकटी, वर कसलंसं जड नाव. नातू मागच्या महिन्यात गच्चीवरच्या कुंड्यांसाठी घेऊन आला आणि कौतुकानं मला वाचून दाखवायला लागला. मी म्हटलं, वाचू नकोस, मला माहीत आहे. पण खरं सांगायचं तर तेव्हा मला काही माहीत नव्हतं आणि आजही सगळं कळलंय असं नाही.

मामानं आधी गंजीच्या बुडाशी बाटलीतली ज्वारी पसरून बघितली. या बुरशीला ऊन चालत नाही आणि ओल लागते. त्यानं घागरीला हात घातला तसे बाबा उठले. "दाजी, थोडंच शिंपडतो," मामा म्हणाला. "प्यायला टँकर, अन् बुरशीला घागर?" बाबांचा आवाज चढला. घागर जागेवर गेली, ज्वारी उन्हात वाळून खडखडीत झाली, आणि वाळवीनं तिला मातीचा बांध घालून शेजारून नवी नळी काढली. मामानं मग सांगितलं की आता हे वारुळातच टाकायला पाहिजे, पहारीनं भोकं पाडून, खोल. शेजारच्या चन्नाकाकू तेवढ्यात ताक मागायला आल्या होत्या. त्यांनी 'वारूळ' आणि 'पहार' हे दोनच शब्द ऐकले आणि ताक न घेताच परत गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीत झालं की शांताबाईचा भाऊ नांदेडहून नागोबाचं घर फोडायला आलाय.

मामा तेव्हा तसाच परत गेला आणि पंचमीच्या सुट्टीत नवी बाटली घेऊन पुन्हा आला. संध्याकाळच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं, आणि गंजी निम्म्यावर आली होती. पंचमीच्या दिवशी आमच्याकडं खणायचं नाही, चिरायचं नाही, तवासुद्धा चुलीवर ठेवायचा नाही. म्हणून पुरणाचे दिंड उकडायचे आणि तंबिटाचे, म्हणजे गूळ आणि डाळ्याच्या पिठाचे, लाडू करायचे. त्या वर्षी पुरणात डाळ कमी आणि आईचा उसासा जास्त होता. दिंड वळता वळता ती एकदम म्हणाली, "शिवा, पहार नको. वारुळाला वरून तोंडं हायत. लाह्यांत मिसळून मीच सोडते तुजी बुरशी. नैवेद्य म्हणून. देवाला घ्यायचं आसंल तर घेईल, न्हाई तर न्हाई." मामा खूश झाला. "अन् बायकांनी दूध ओतलं की ओल बी झाली," तो म्हणाला. "दाजींची घागर वाचली." आईनं बाटली हातात घेतली तेव्हा तोंड बाजूला फिरवलं होतं, पण ज्वारीचे हिरवट दाणे तिनं लाह्यांत नीट कालवले. गोठ्यात वानेरी बसून होती. उठायचं झालं तरी आता तिला दोनदा प्रयत्न करावा लागायचा.

दुपारी बायका आल्या. प्रत्येकीच्या वाटीत तळाला जेमतेम दूध, त्यात पाणी, आणि त्यातही अर्धं चहाला ठेवून आणलेलं. तरी नवी बांगडी, डोक्यावर पदर, आणि चन्नाकाकूंच्या हातात हळदीकुंकवाचं ताट. मामा गोठ्याच्या दारात उभा होता. आत्या गोठ्यातच बसून कडबा मोडत होती. काकूंनी हळदीची चांगली मोठी चिमूट उचलली, वारुळाच्या तोंडाशी नेली, आणि मामा ओरडला, "हळद नको! हळदीनं बुरशी मरती!"

बायकांच्या पूजेत पुरुषाचा आवाज, तोही असा. काकूंची चिमूट तशीच राहिली. आईनं मामाकडं बघितलं आणि मला दिसलं की तिला पटलं होतं. लोणच्याला हळद कशासाठी लावतात हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? सकाळपासून एवढा खल केला, पण हळदीचं कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, मामाच्याही नाही.

"आता गं बाई," काकू म्हणाल्या, "बिनहळदीची पूजा सवाशिणीनं करायची? घरात काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय का?" बाकीच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. एकीनं तर कपाळावरचं कुंकू चाचपून बघितलं. आई गोठ्याकडं बघत होती, वानेरीच्या बरगड्यांकडं. मला वाटलं ती आता बाटली मामाला परत देणार, आणि मग वानेरी जाणार होती.

"वन्सं," आईनं हाक मारली, "इकडं या."

आत्याला वाटलं काहीतरी आणून द्यायचंय. ती हात झटकत बाहेर आली आणि सवयीनं बायकांपासून चार पावलं लांब थांबली. "काय देऊ?"

"द्यायचं न्हाई काय. पयली पूजा तुमी करा."

आत्याला कळलंच नाही. तिनं मागं वळून बघितलं, मागं कुणी आहे का. "मी?" ती म्हणाली. "शांता, खुळी झालीस का? मला कुठं..."

"तुमच्या हाताला हळद नसती," आई म्हणाली. आवाज मोठा होता. "आज तेच पायजे." मग ती बायकांकडं वळली. "आज वन्संच्या हातानं पयली पूजा. हळद कुनी टाकायची न्हाई. जिला पटत नसंल तिनं घरी जावं, मी राग मानायची न्हाई. पर दूध हितं ठिवून जावं."

कोण गेलं, कोण राहिलं हे आठवतं तेवढं सांगते. चन्नाकाकू गेल्या, त्यांच्यामागं आणखी काहीजणी. जाताना दूध मात्र ठेवून गेल्या, कारण नागोबाच्या नावानं आणलेलं दूध परत नेणं त्याहून वाईट. आत्यानं लाह्यांचं ताट घेतलं. पहिल्याच मुठीतले दाणे खाली सांडले. मामा पुढं झाला तर आईनं त्याला डोळ्यानंच थांबवलं. आत्यानं वारुळाच्या एकेका तोंडात मूठ मूठ सोडली, मग एकेक वाटी घेऊन दूध ओतलं, अगदी सावकाश, धार तुटू न देता. सगळ्या वाट्या रिकाम्या झाल्यावरही ती उठली नाही. तिनं वारुळावर तळहात टेकवला आणि तशीच बसून राहिली. पंचमीचा फेर धरायचा होता, पण कुणी सुरुवात करेना. शेवटी आईनंच आत्याचा हात धरला आणि राहिलेल्या बायका त्या दोघींच्या मागं वारुळाभोवती फिरल्या. गाणं मात्र कुणालाच पूर्ण म्हणता आलं नाही.

मला तेव्हा काय वाटलं ते आजही धड मांडता येत नाही. आत्याचा मान झाला की तिच्या गळ्यात काहीतरी घातलं गेलं? नागोबाच्या घरात वाळवीचं मरण सोडायचं काम कुणा सवाशिणीला नको होतं, ते तिच्याकडून करून घेतलं, असंही झालंच होतं ना? आईचं आत्यावर प्रेम होतं, यात शंका नाही. पण त्या क्षणी ती आत्याकडं बघत नव्हती, गाईकडं बघत होती. दोन्ही खरं आहे, आणि त्यातलं एकही मला अजून सोडून देता येत नाही.

मामा नांदेडला गेला. मी रोज गंजीच्या दगडावरची नळी मोडायची आणि सकाळी बघायची, तर ती पुन्हा बांधलेली. बरेच दिवस असंच चाललं, आणि बाबांनी बाजाराचा दिवसही ठरवला. मग एका सकाळी नळी मोडलेलीच होती. दुसऱ्या दिवशीही. आत्यानं गंजीला कान लावला, मला लावायला लावला. आत काही नव्हतं. बाबांनी बाजार पुढं ढकलला, मग पुन्हा ढकलला, आणि गंजी आत्यानं तुकड्या-तुकड्यानं दिवाळीपर्यंत ओढली. वानेरी व्यायली, कालवड झाली, तिच्यासारखीच तोंडाला काळी. पहिल्या चिकाची वाटी आईनं आत्यापुढं ठेवली. आत्यानं ती खाल्ली आणि पुन्हा गोठ्यात गेली.

गल्लीत मात्र वेगळीच बोलणी सुरू झाली. नागोबा वारूळ सोडून गेला, कारण गंगाबाईचा हात लागला, असं चन्नाकाकू दुकानात येऊन बाबांनाच सांगून गेल्या. बाबा म्हणाले उन्हानं मेली असेल वाळवी, इतकं ऊन होतं. मामाला विचारावं तर तो म्हणाला, "बुरशीनं मेली का उन्हानं, ते आत उघडून बघितल्याबिगर सांगता येत न्हाई." आईनं उघडू दिलं नाही. म्हणजे वाळवी बुरशीनं मारली, की उन्हानं, की आत्याच्या हातानं, हे कायमचं तसंच राहिलं. पुढच्या वर्षी पाऊस झाला, सगळीकडं हिरवं झालं, पण वारुळाच्या पायथ्याशी पांढऱ्या छत्र्या आल्या नाहीत. मी रोज जाऊन बघत होते.

आत्या त्या काळात फारच गप्प झाली होती. बोलणी तिच्या कानावर जात होती, आणि मला वाटायचं तिला ते लागलंय, त्या दिवशी आईनं हाक मारायला नको होती. मला तिची फार दया यायची, आणि आईचा रागही. पंचमी जवळ आली तशी बायकांनी ओढ्याकडचं दुसरं वारूळ पूजेला ठरवलं. आम्ही दोघी गोठ्यात बसलो होतो. आत्या हिरव्या गवताची पेंडी सोडत होती, कालवड मध्ये मध्ये तोंड घालत होती.

"मंदे," आत्या म्हणाली, "तुजा मामा येनार हाय का पंचमीला?"

"येईल की. का?"

तिनं कालवडीचं तोंड बाजूला केलं.

"औंदा बी बुरशी आनंल का गं त्यो? म्हंजी हळद नको म्हनायला."

"आता कशाला?" मी म्हटलं. "वाळवी तर मेली ना आत्या."

"हाव की," आत्या म्हणाली. "मेलीच की ती." आणि तिनं उरलेलं गवत कालवडीपुढं सारलं.